केझाया पुढच्या खोलीत बसली

थॉर्नशॉ या कापडगिरणीच्या गावात प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवर प्रत्येक घराला खाली दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत माणसं राहत आणि पुढच्या खोलीत अब्रू. मागे स्वयंपाक, जेवण, आंघोळ, भांडणं, वाळत घातलेले कपडे आणि मांजर असा सगळा संसार एकमेकांच्या अंगावरून वावरत असे. पुढे मात्र एक पियानो, कुंडीतलं रुंद पानांचं झाड आणि काचेच्या घुमटाखाली बसवलेला पेंढा भरलेला पक्षी, असे तिघेच ऐसपैस राहत. पियानो कुणालाही वाजवता येत नसे. तो वाजवण्यासाठी घेतलेलाच नव्हता.

हॉवर्थांची पुढची खोली तर सगळ्या रस्त्यात नावाजलेली. केझाया हॉवर्थ दर शुक्रवारी तिथली एकेक वस्तू पुसून काढी आणि दमली तरी तिथल्या कोचावर टेकत नसे. मागे येऊन लाकडी स्टुलावर बसे. खोलीतली शेगडी पेटायची ती नाताळात, पाद्रीसाहेब चहाला आले की, आणि घरात कुणी गेलं की. खिडकीचा पडदा कायम अर्धा ओढलेला, कारण उन्हाने पियानोचा रंग उडतो. पूर्ण पडदा फक्त मयत झालं की पडे, आणि मग त्या घराच्या मानासाठी सगळा रस्ता आपापले पडदे पाडी. अर्धा पडदा म्हणजे पियानो आणि पूर्ण पडदा म्हणजे मयत, हे त्या रस्त्यावर शाळेत जाण्याआधी पोरांना कळत असे.

केझायाचा नवरा एनॉक हयातीत त्या खोलीच्या दारातून पुढे गेला नव्हता, कारण त्याच्या बुटांना गिरणीचं तेल असे. तो गेल्यावर मात्र त्याला दफनापर्यंत तिथेच ठेवला. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "काय प्रसन्न दिसतोय एनॉक!" त्यांची मुलगी आल्मा तेव्हा मनात म्हणाली होती, का नाही दिसणार, पहिल्यांदाच आत आलाय.

आता आई आजारी होती. अख्खं आयुष्य गिरणीत मागावर उभं राहून कापसाचा धुरळा छातीत साठलेला. जिना चढायचा म्हटलं तर अर्ध्यावर बसून घ्यावं लागे. म्हणून ती मागच्या खोलीत खुर्चीतच झोपत होती. आल्मा त्याच गिरणीत मागावर होती, पण मालाला उठाव नाही म्हणून गिरणी निम्मा आठवडा बंद असे आणि तेवढे दिवस तिला आईजवळ बसता येई. मागच्या खोलीच्या खिडकीतून परस दिसे, परसातला संडास दिसे आणि त्यापलीकडे गिरणीची भिंत. ऊन त्या खिडकीत कधीच आलं नव्हतं. डॉक्टर येऊन "प्रकाश, हवा आणि विश्रांती" असं सांगून गेले; बाजारातल्या तीन दुकानांची नावं सांगावीत तसं.

"आई, तुला पुढच्या खोलीत बसवू का?" आल्माने विचारलं.

आईने तिच्याकडे टक लावून बघितलं. "का गं? डॉक्टर काय म्हणाला? एवढ्यातच?"

"तसं काही नाही. दुपारचं ऊन येतं तिथे."

"येऊ दे की. मी कुठे त्याला अडवलंय?"

"तुझ्या अंगावर आलं तर बरं वाटेल."

"मेल्यावर जाईनच मी तिथे. एवढी काय घाई आहे?"

"मेल्यावर तुला ऊन काय करायचंय?"

"तुझी जीभ फार चालायला लागलीय," आई म्हणाली आणि खोकत बसली. खोकला थांबेपर्यंत आल्मा तिची पाठ चोळत राहिली. हाताला एकेक मणका लागत होता.

रविवारी हार्टली आला. हा आल्माचा मोठा भाऊ. सहकारी दुकानात कापड खात्याचा मुख्य, कडक कॉलर घालणारा. आल्माने त्याच्या कानावर घातलं तर तो आवाज खाली आणून म्हणाला, "त्या खोलीला एक मान आहे, आल्मा. उद्या कुणी आलं-गेलं तर काय मागे वजडीच्या पातेल्याशेजारी बसवायचं?"

"कोण येणार आहे?"

"तसं कुणी नाही. पण आलं तर?"

सरळ बोलून आई ऐकणार नाही हे आल्माला माहीत होतं. म्हणून सोमवारी बटाटे सोलता सोलता ती सहज म्हणाली, "टॅटर्सलबाईंनी म्हणे काल दारातली पायरी घासलीच नाही."

"काय सांगतेस! कोण म्हणालं?"

"कुणीतरी म्हणालं. इथून आपल्याला कसं दिसणार?"

 बटाटे चुलीवर चढले, उकळले. मग आईने विचारलं, "तो कोच अजून टोचतो का गं?"

ठरलं ते असं, की पलंग खाली आणायचा नाही. पुढच्या खोलीत पलंग म्हणजे दारावर मरणाची पाटी लावल्यासारखंच. आई नुसती बसेल. तेही चॅपेलला घालायचा ब्लाउज आणि ब्रोच घालून. "पुढच्या खोलीत चाललेय मी," ती म्हणाली, "परसात नाही."

मंगळवारी सकाळी आल्माने पुढच्या खोलीत पाणी नेलं, कोच पुसला. आईचे कपडे तिथेच बदलावे लागतील, म्हणून तिने खिडकीचा पडदा पूर्ण खाली ओढला. खोलीला वर्षानुवर्षांची ओल होती, म्हणून शेगडी पेटवली. एवढं करून ती आईला आणायला मागे गेली. आईला उठवणं, केस विंचरणं, चार पावलं चालवून दम खायला थांबवणं, मग ब्रोच हरवला म्हणून परत बसवणं, ब्रोच ब्लाउजलाच लावलेला सापडणं, यात दुपार झाली.

पुढच्या बाजूला काय चाललं होतं ते मागे कसं कळणार?

टॅटर्सलबाई सकाळीच त्या घरासमोरून गेल्या होत्या. रस्त्यावर जन्मणाऱ्याची पहिली आंघोळ आणि मरणाऱ्याची शेवटची, दोन्ही त्यांच्या हातची. मधल्या आंघोळींवरही त्यांचं लक्ष असे. त्यांनी पडदा बघितला. मग मान वर करून धुराडं बघितलं. नाताळ नव्हता. पाद्रीसाहेब गावाला गेलेले. त्यांनी दार वाजवलं नाही, कारण दुपारपर्यंत घर घरच्यांचं, असा नियम आहे. त्या फक्त रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या आणि त्या जसजशा पुढे गेल्या तसतसे त्यांच्या मागे पडदे खाली येत गेले. त्यांच्या धाकट्या बहिणीला त्यांनी हार्टलीच्या दुकानाकडे पिटाळलं. पुष्पचक्राची वर्गणीही सुरू केली. अशा वेळी त्यांच्याइतकं तत्पर माणूस थॉर्नशॉत दुसरं नव्हतं.

इकडे कपडे बदलून आई कोचावर टेकली. कोच टोचत होता. आल्माने दोरी सोडली, पडदा वर गेला आणि दुपारचं ऊन पियानोवरून, झाडावरून सरळ आईच्या मांडीवर येऊन पडलं. आईने शेगडीवर धरावेत तसे दोन्ही हात त्यात धरले. आल्मा बाजूला उभी राहिली. 

"आल्मा," आई म्हणाली, "सगळ्यांचे पडदे खाली आहेत."

खरंच होते. समोरची अख्खी ओळ डोळे मिटून उभी होती.

"पिलिंगचा म्हातारा गेला वाटतं," आई म्हणाली. "दमेकरीच होता. अगं, आणि आपला पडदा वर! पाड आधी. लोक म्हणतील, ह्यांना काही रीत आहे की नाही!"

"थांब, विचारू तरी कोण ते."

समोरच्याच घरात सबिना राहायची. ती आणि आई तरुणपणी शेजारशेजारच्या मागांवर होत्या. मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. त्यामुळे तिथल्या बाया आवाजाशिवाय, नुसत्या ओठांनी बोलतात आणि समोरचीचे ओठ वाचतात. रस्त्याच्या अल्याड-पल्याड, दोन बंद काचांमधून त्यांच्या गप्पा बिनबोभाट चालत. थॉर्नशॉत खरंच काही लपवायचं असेल तर तोंडावर हात धरावा लागे.

सबिनाच्या पडद्याची कड हलली. एक डोळा दिसला. मग सगळा चेहरा, पिठासारखा पांढरा.

"कोण गेलं गं?" आईने ओठांनी विचारलं.

सबिनाने पडदा आणखी थोडा बाजूला केला. मग तिचे ओठ हलले. "तू."

"मी?"

"हो. सकाळी. टॅटर्सल सांगून गेली."

"कशाने?"

"छातीने म्हणाली. झोपेतच. शांतपणे."

आईने जरा विचार केला. "चला," ती म्हणाली, "त्रास तरी झाला नाही."

आल्माला हसू फुटलं. कित्येक आठवड्यांत ती अशी हसली नव्हती. पियानोला धरून हसली. मग तिने आईकडे बघितलं. आईचा चेहरा लाजेने लाल झाला होता आणि हात उन्हातून मागे घेऊन तिने पदरात दडवावेत तसे शालीत दडवले होते.

"सगळ्या रस्त्याला पडदे पाडायला लावले मी," आई म्हणाली, "आणि इथे ब्रोच लावून बसलेय."

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. टॅटर्सलबाई काळी पिशवी आणि घडी घातलेली पांढरी चादर घेऊन उभ्या होत्या. "पोरी," त्यांनी आल्माचा हात धरला, "देवाच्या मनात आलं की आपण..." आणि त्यांना कोचावर केझाया दिसली.

त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. चेहऱ्यावर आनंद आला नाही असं म्हणणं बरोबर नाही; तो यायला निघाला होता, पण वाटेत दुसऱ्या भावनांची गर्दी झाली.

"केझाया," शेवटी त्या म्हणाल्या, "हे बरं दिसत नाही."

"मला तर बरं वाटतंय गं."

"वाटण्याचं नाही मी बोलत. दिसण्याचं बोलतेय."

त्यांच्या पाठोपाठ हार्टली आला. दुकानातून तसाच धावत आला होता. काळा टाय मात्र वाटेत कुठूनसा मिळवला होता. डोळे खरोखरच रडून लाल झाले होते. त्या डोळ्यांकडे बघून आल्माला त्याच्याबद्दल जे वाटलं ते लहानपणानंतर वाटलं नव्हतं. तो दारात थांबला, "आई!" म्हणाला, आणि दोन पावलांत येऊन त्याने आईचा हात हातात घेतला. बराच वेळ तो तसाच धरून होता.

मग हळूहळू त्याच्यातला कापड खात्याचा मुख्य परत आला.

"मी दुकानात सगळ्यांना सांगून आलोय," तो म्हणाला. "मॅनेजरसाहेबांनी टोपी काढली. अर्धं मिनिट उभे राहिले."

"मॅनेजरसाहेब स्वतः?" आईने विचारलं.

"स्वतः. आणि येता येता मी दफनानंतरच्या जेवणासाठी हॅमची ऑर्डर देऊन आलो."

"मोठा?"

"सगळ्यात मोठा."

आईने मान हलवली. मुलाने कुठे कमी केलं नव्हतं.

हार्टली आणि टॅटर्सलबाई खिडकीपाशी उभे राहून विचार करू लागले. अडचण मोठी होती. पडदे पाडण्याची रीत सगळ्यांना माहीत होती, पण असे पडदे वर करण्याची रीतच नव्हती. पहिल्यांदा वर कुणी करायचा? केला तर केझाया जिवंत असल्याचा आनंद झाला असं दिसेल, आणि आनंद झाला तर सकाळी पाडायची एवढी घाई का केली होती, असंही दिसेल. एकेका घरात बाया भरदुपारी दिवा लावून बसल्या होत्या.

"त्यापेक्षा असं करू," टॅटर्सलबाई म्हणाल्या. "हिला मागे न्यायचं. इथला पडदा पुन्हा पाडायचा. मी संध्याकाळी सांगते, मूर्च्छा आली होती, मरणाच्या दारातून परत आली. उद्या-परवा लोक सावकाश पडदे वर करतील. कुणालाच लाज नको."

"आणि या खोलीला कुलूप," हार्टली म्हणाला. "यापुढे असा घोळच नको."

ते दोघंही आईच्या डोक्यावरून बोलत होते, जणू ती सकाळपासून त्यांच्या ताब्यात होती.

"बरोबर आहे त्यांचं," आई म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "ने मला मागे, आल्मा. हौस झाली."

आल्मा हलली नाही. ऊन आता आईच्या मांडीवरून कोचाच्या हातावर सरकलं होतं. शालीतून आईची बोटं नकळत बाहेर येऊन त्याच्या मागे मागे गेली होती. मागे नेलं तर आई पुन्हा इथे येणार नाही, हे आल्माला कळत होतं. म्हणजे येईल, पण तेव्हा पडदा पडलेला असेल.

"हात तरी गरम होऊ देत तिचे," ती म्हणाली.

"आल्मा, समजून घे," हार्टली म्हणाला. "लोकांना सांगायचं काय?"

"जिवंत आहे म्हणून सांग."

"बस? एवढंच?"

"एवढं पुरेल की, हार्टली."

"तुला चेष्टा सुचतेय. बाबांना केवढा अभिमान होता या खोलीचा! आणि तू तिचा दवाखाना करायला निघालीस."

हे ऐकून आईने मान वर केली.

"तुझे बाबा," ती सावकाश म्हणाली, "दफनापर्यंत होते इथे. एकदासुद्धा खिडकीबाहेर बघायला मिळालं नाही त्यांना."

"पडदा पाडलेला होता ना," टॅटर्सलबाई म्हणाल्या.

"हो. पाडलेला होता."

 आईला धाप लागली होती. ती थांबली, श्वास जुळवला.

"मी एवढी वर्षं पुसत आले ही खोली. मघापासून आठवून बघतेय, कुणासाठी पुसत होते. आठवत नाही गं मला." मग ती जरा ताठ बसली. "आल्मा, चहा इथेच आण. आणि ते कांदे शिजवलेस ना, ते पण."

"इथे?" टॅटर्सलबाई ओरडल्याच. "पुढच्या खोलीत कांदे?"

"आज कांदे," आई म्हणाली. "उद्या वजडी."

पडदा पहिल्यांदा सबिनाने वर केला. मैत्रीपोटी केला, असं ती नंतर सांगत असे; आल्माला वाटे, हार्टलीचं तोंड बघायचं होतं म्हणून केला. एकीचा वर गेल्यावर मग फटाफट सगळ्या ओळीचे गेले. टॅटर्सलबाईंनी मात्र रविवारपर्यंत केला नाही. केझाया सगळ्या लक्षणांनी गेलेलीच होती, चूक झाली असेल तर ती केझायाची, असं त्या शेवटपर्यंत म्हणत. हॅम परत घेईना कुणी. तो आईनेच मोहरी लावून खाल्ला. आपल्याच दफनाचा हॅम खाणारी रस्त्यावरची ती पहिली बाई. "खारट आहे," ती हार्टलीला म्हणाली. "माझ्या वेळी दुसऱ्या दुकानातून आण हो."

तो उन्हाळा ती त्या खोलीत राहिली. पुढे पलंगही खाली आला. पियानोवर औषधाच्या बाटल्या आल्या, त्यांचे गोल डाग उमटले. पेंढा भरलेल्या पक्ष्याचा घुमट काढून आईने त्याला नीट बघितलं आणि "हे तर साधं कबुतर आहे," म्हणाली. कुणाची पायरी मळकी, कुणाचा नवरा दारूच्या गुत्त्यातून कोणत्या भिंतीला धरून येतो, कुणाच्या मुलीने केस कापले, हे सगळं तिला ठाऊक झालं. गिरणी सुटली की बाया खिडकीसमोरून जाताना मान हलवत, ओठांनी "काय केझाया!" म्हणत. काही जणी आत येऊन बसत. इथे बसायला त्यांना आवडे; त्यांच्या घरीही पुढची खोली होती, पण ती झाडून-पुसून ठेवलेली असल्यामुळे तिथे बसता येत नसे. त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाच्याही पुढच्या खोलीची शेगडी पेटली नाही. हार्टली येई तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसे, टोपी गुडघ्यावर ठेवून, आणि जाताना कोचाची उशी सरळ करून जाई.

रात्री श्वास वाईट होई. त्याबद्दल दोघी दिवसा बोलत नसत.

जुलैतल्या एका दुपारी आई खिडकीशी उशांना टेकून बसली होती आणि समोरून गेलेल्या एका बाईच्या हॅटबद्दल सांगत होती. "ही हॅट," ती म्हणाली, "तिने गेल्या वर्षीसुद्धा..." आणि थांबली. आल्मा शिवत होती. बाकीच्या वाक्यासाठी तिने थोडी वाट बघितली. मग सुई ठेवली आणि जवळ गेली.

आईचे डोळे अर्धे मिटलेले होते, रस्त्याकडे. ती नेहमी बसायची तशीच बसली होती.

आल्मा सरळ उभी राहिली. आधी पडदा, मग बाकी सगळं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने दोरी हातात घेतली. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला आणि रस्त्याच्या टोकाला लाकडी तळांच्या बुटांचा आवाज सुरू झाला. बाया येत होत्या. आल्माने दोरी सोडली आणि खुर्ची ओढून आईशेजारी बसली.

त्या आल्या. एकेकीने खिडकीकडे बघून मान हलवली. "काय केझाया!" असे ओठ हलले, एकीचे, दुसरीचे, मग तिघी-चौघींचे एकदम. एक जण नवी टोपली उंच करून दाखवून गेली. सगळ्यांच्या शेवटी, पलीकडच्या गल्लीत बाळंतपण उरकून, टॅटर्सलबाई आल्या. मंगळवारच्या त्या प्रकारापासून त्या या घराशी बोलत नसत, पण रीत सोडत नसत. खिडकीसमोर त्या थांबल्या, आत नीट बघितलं, केझायाला ताठ मानेने नमस्कार केला आणि पुढे गेल्या.

रस्ता रिकामा झाला. ऊन अजून आईच्या हातांवर होतं. आल्मा ते जाईपर्यंत बसून राहिली.